फटफटीशी बोलणारे भासरे

आमचे भासरे माणसांशी कमी आणि फटफटीशी जास्त बोलत. हे मी चेष्टेनं म्हणत नाही. सकाळी तोंड धुऊन झालं की ते घरापुढच्या छपरीत येत, फटफटीच्या सीटवरून हात फिरवत आणि विचारत, "काय वं, झोप झाली का?" मग थोडं थांबत. ती जणू काही उत्तर देई आणि ते त्यांना पटे, अशी मान हलवून ते चहाला बसत. मी लग्न होऊन त्या घरात आले तेव्हा पहिले काही दिवस मला वाटलं होतं, बाहेर कुणी पाहुणी आली आहे आणि तिला आत का बोलवत नाहीत.

भासरे म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. आमच्या वऱ्हाडात भासऱ्यासमोर भावसुनेनं, म्हणजे धाकट्या भावाच्या बायकोनं, कसं वागायचं याचे नियम मोठे कडक. डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही, त्यांच्या अंगावर आपली सावली पडू द्यायची नाही, त्यांच्या बाजेवर बसायचं नाही, त्यांचं नाव घ्यायचं नाही. नाव तर मी अजूनही घेत नाही, इथंही घेणार नाही. आणि बोलायचं तर अजिबात नाही. जे सांगायचं ते तिसऱ्या माणसाकडून सांगायचं. आता घरात चोवीस तास तिसरा माणूस आणायचा कुठून? सासूबाईंना ऐकू कमी येई आणि हे कचेरीत. म्हणून आमच्या घरात तो तिसरा माणूस म्हणजे फटफटी. भासरे पाना फिरवता फिरवता तिला सांगत, "धाकलीले सांग, आज भाजीत मीठ जरा जास्तच पडलं." मी आतून पाण्याच्या माठाकडे बघून म्हणे, "म्हनावं, उद्या ध्यान ठेवीन." माठ आणि फटफटी यांच्यात आमच्या घरचे कितीतरी महत्त्वाचे निर्णय झाले. पापड कधी घालायचे, सासूबाईंचं औषध कुणी आणायचं, माझ्या लेकीला, नलीला, शाळेत कधी घालायचं, सगळं.

ही फटफटी लढाईत गेलेली होती. लढाई संपल्यावर लष्करानं नको झालेल्या गाड्या कामठीला लिलावात काढल्या, तिथून कुणी, तिथून आणखी कुणी, असं करत ती भासऱ्यांच्या हाती आली. रंग शेवाळासारखा हिरवा. तो त्यांनी कधी बदलला नाही. समोरच्या दिव्यावर काळ्या पत्र्याची टोपी बसवलेली होती आणि तिला फक्त एक बारीक चीर. वरून विमानाला उजेड दिसू नये म्हणून तशी व्यवस्था. भासऱ्यांनी पहिलं काम केलं ते ती टोपी काढण्याचं. ते म्हणत, बिचारी इतकी वर्षं घुंगट घेऊन चालली, आता तिला मोकळं पाहू द्या. हे ऐकताना माझा पदर माझ्या नाकापर्यंत आलेला असे, पण ते त्यांच्या लक्षात आलं नसावं. माझं लग्न झालं तेव्हा अमरावती मध्यप्रदेशात होती, नली झाली तेव्हा मुंबई राज्यात, आणि ती शाळेत जाऊ लागली तेव्हा महाराष्ट्रात. फटफटी मात्र छपरीतल्या त्याच कोपऱ्यात, त्याच खांबाला टेकून.

भासरे जिनात इंजिनावर होते. जिन म्हणजे कापसातली सरकी काढण्याचा कारखाना. तो चालायचा कापसाच्या हंगामापुरता. दिवाळीनंतर घरी येताना त्यांच्या भुवयांवर, मिशीवर, कानांच्या पाळ्यांवर कापसाचा बारीक भुरका बसलेला असे आणि दारात उभं राहून ते तो झटकत, तेव्हा संध्याकाळच्या उन्हात त्यांच्याभोवती धुकं पसरल्यासारखं वाटे. हंगाम सरला की जिन बंद, आणि मग उन्हाळाभर ते आणि फटफटी. लग्नानंतर थोड्याच दिवसांत त्यांची बायको वारली होती आणि दुसरं लग्न करायला ते कधी तयार झाले नाहीत. त्याबद्दल घरात कुणी बोलत नसे.

फटफटीला त्यांनी दुसऱ्या कुणाचा हात लागू दिला नाही. शहरात दोन-तीन चांगले मिस्त्री होते, पण भासरे म्हणत, "दुसऱ्याच्या हातची भाकर अन् दुसऱ्याच्या हातचा पाना, दोनी मले गोड लागत नाई." हे वाक्य ते माझ्या हातची भाकर खाता खाता म्हणत, आणि चौथी भाकर मागत. चैत्र-वैशाखातल्या दुपारी छपरीत जुनं धोतर अंथरून ते फटफटीचे भाग मांडून बसत. साखळी घासलेटच्या घमेल्यात बुडवलेली असे. प्लग दाताच्या जुन्या ब्रशानं घासून उन्हात ठेवलेला. मी आत भिंतीला टेकून डाळ निवडत असे आणि बाहेरून पाना-पेचकसांची बारीक किणकिण येई, मधेच भासऱ्यांचं तिच्याशी चाललेलं पुटपुटणं. "हे घट्ट झालं न? बरं. आता दुखत नाई न?" घासलेटचा वास, वाळ्याच्या ओल्या पडद्याचा वास, आणि सगळं शहर झोपलेलं. आजही भर दुपारी कुठं घासलेटचा वास आला की मला डुलकी येते. माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली झोप मी त्या किणकिणीच्या सोबतीनं घेतली.

आमच्यातली खरी देवाणघेवाण होती ती काजळाची. फटफटीच्या दिव्यात बल्बमागे चकचकीत वाटी असते, तिला भासरे परात म्हणत. परातीवरचा चांदीचा मुलामा इतका नाजूक की बोट लागलं तरी डाग पडे. राख नको, रांगोळी नको, चिंच तर नकोच. कामठीच्या एका म्हाताऱ्या फौजी मिस्त्रीनं त्यांना सांगितलं होतं की, तिला पुसायला काजळीशिवाय दुसरं काही चालत नाही. काजळीइतकं मऊ जगात काही नाही. झालं. त्या दिवशी फटफटीला निरोप मिळाला, "तुह्या डोळ्याले काजळ पायजे. धाकली देते का, पाय." मी एरंडेलाचा दिवा लावून त्यावर पितळी ताट उपडं धरलं, तूप न घालता कोरडी काजळी डबीत खरवडली आणि डबी उंबऱ्यावर ठेवली. भासऱ्यांनी जिनातून आणलेल्या लांब धाग्याच्या कापसाचा बोळा करून त्यावर ती काजळी घेतली आणि श्वास रोखून परात पुसली. तिथून पुढे माझ्या नलीच्या डोळ्यांत आणि फटफटीच्या डोळ्यात एकाच दिव्याचं काजळ जात असे. नलीच्या काजळात फक्त तूप जास्त.

मग त्यांना दिव्याचा ध्यास लागला. म्हणजे आधी होताच, पण आता तो वाढला. उजेड पिवळा पडतो, लांब जात नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी आतली सगळी वायर काढून जाड वायर घातली. वायरीचं टोक जिथं गाडीच्या अंगाला बसतं तिथला गंज खरवडून लोखंड पांढरं केलं. डायनामो उघडून त्याचे कार्बन बदलले. एकदा भंगारातून ट्रकचा केवढा तरी मोठा दिवा आणला, त्यासाठी पत्रा वाकवून नवं घर बनवलं आणि फटफटीच्या कपाळावर बसवला. त्या सडसडीत गाडीला तो दिवा असा दिसे, जणू लहान मुलानं बापाचा फेटा घातला आहे. एक दिवस जेवताना त्यांनी मोठ्यानं जाहीर केलं, "आता दिवा वाढवाचा हाय." सासूबाईंना एरवी ऐकू येत नसे, पण हे नेमकं आलं. आमच्याकडे दुकान बंद केलं असं म्हणत नाहीत, वाढवलं म्हणतात. बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. आणि दिवा वाढवायचा म्हणजे विझवायचा. दिवेलागणीच्या वेळी घरातल्या कर्त्या पुरुषानं असं बोलावं, म्हणून सासूबाईंनी त्यांच्या तोंडात साखर घातली, देवापुढे त्यांना नाक घासायला लावलं, आणि पुन्हा असं बोलायचं नाही म्हणून बजावलं. तेव्हापासून भासरे दिवा 'जबर' करायचा म्हणू लागले.

आणि दिवा खरोखर जबर झाला होता. समोर एक वकील राहत. संध्याकाळी भासऱ्यांनी इंजिन सुरू करून दिवा लावला की तो थेट वकिलांच्या स्वयंपाकघरात जाई. वकिलीणबाईंनी खिडकीला तरटाचा पडदा लावला, आणि भेटल्या की मला म्हणत की तुमच्या भासऱ्यांमुळे आमच्या पोळ्या करपतात. बडनेऱ्याच्या रस्त्यावर एका गाडीवानाचे बैल त्या उजेडानं बिचकले आणि त्यानं भासऱ्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, हे त्यांनीच घरी येऊन फटफटीला कौतुकानं सांगितलं. अख्ख्या आळीला त्या दिव्याचा त्रास होई. एकट्या भासऱ्यांना तो मिणमिणता वाटे.

तो दिवस मला लख्ख आठवतो. संध्याकाळ होती, सूर्य नुकताच बुडालेला, आभाळात अजून केशरी होतं. भासऱ्यांनी फटफटी अंगणात उभी करून दिवा कुंपणाच्या भिंतीवर सोडला होता. भिंतीजवळ सरकीचं पोतं सांडलं होतं. मी दाराआडून पाहत होते. त्या उजेडात मला भिंतीतली एकेक वीट दिसत होती, सरकीचा एकेक दाणा, त्याला चिकटलेली लव, आणि दाण्यांवरून चाललेली मुंग्यांची रांग. भासरे तर भिंतीपाशीच उभे होते. त्यांनी डोळे बारीक केले, मान डावी-उजवीकडे वळवली आणि फटफटीजवळ येऊन खालच्या आवाजात म्हणाले, "नाई वं. अजून पिवळाच हाय." परत भिंतीकडे जाताना त्यांचा पाय सरकीच्या पोत्यावर पडला. ते पोतं उजेडाच्या अगदी मधोमध होतं.

मग मी पाहू लागले, आणि एकदा पाहू लागल्यावर सगळंच दिसू लागलं. दिवेलागणीच्या सुमारास ते घरात भिंतीला हात लावून चालत. कंदील जवळ आणल्याशिवाय ताटाकडे हात नेत नसत. मला वाटे, सवय आहे. रोजच्या जागच्या बाजेला त्यांची नडगी लागे. ऐन वैशाखात, जेव्हा संध्याकाळ सरता सरत नाही, तेव्हा ते फटफटीला म्हणाले होते, "यंदा अंधार लवकर पडून राहिला." मी ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, बाबांनाही संध्याकाळचं दिसत नसे, वयानं होतं. मी म्हटलं, मग ते फटफटीवर बसतात त्याचं काय? हे वाकून पायातली चप्पल काढू लागले. मग म्हणाले, दादाला हे कोण सांगणार, तू? तसं म्हणताना ते हसले, कारण भावसून भासऱ्याशी बोलणार ही कल्पनाच हसण्यासारखी होती. दादांची जिनातली हंगामाची नोकरी, घरातला त्यांचा शब्द, त्यांचा एकटेपणा, सगळं त्या फटफटीवर उभं होतं, हे ह्यांना कळत होतं. मलाही कळत होतं. म्हणून मी गप्प बसले असते, अगदी खुशाल. पण मधे नली आली.

भासऱ्यांचा जीव की प्राण म्हणजे नली. दुपारी तिला पेट्रोलच्या टाकीवर पुढे बसवून ते छत्री तलावापर्यंत चक्कर मारून आणत, आणि ती येऊन मला सांगे की वाऱ्यानं आपले दात थंड होतात. त्या वर्षी त्यांनी तिला कबूल केलं की, तुला मोझरीच्या आश्रमात संध्याकाळच्या प्रार्थनेला नेतो. तिथं शेकडो माणसं एका सुरात म्हणतात, ते ऐकवतो. मोझरी तशी फार दूर नाही, पण संध्याकाळची प्रार्थना म्हणजे परत येताना काळोख. रस्त्यानं कापसाच्या गाड्या असतात, त्यांना मागे दिवा नसतो. सासूबाईंनी जा म्हटलं. ह्यांनी नाही म्हटलं नाही. नलीनं आदल्या दिवसापासून नवा फ्रॉक उशाखाली ठेवला होता.

निघायच्या वेळी मी चुलीपाशी होते. बाहेर फटफटी सुरू झाल्याचा आवाज आला आणि भासऱ्यांचा आवाज, तिलाच उद्देशून: "धाकलीले सांग, पोट्टीचं स्वेटर दे. येताना गार लागन." मी स्वेटर घेतलं. उंबऱ्यापाशी नेहमीसारखं ठेवायचं आणि आत वळायचं, एवढंच काम. मी उंबरा ओलांडला. पुढे काय बोलायचं ते मला ठाऊक होतं, पण सुरुवात कशी करायची ते कळेना, कारण त्यांना हाक मारायला माझ्याजवळ शब्दच नव्हता. इतक्या वर्षांत कधी लागलाच नव्हता. माठाला काय म्हणतात ते मला माहीत होतं, भासऱ्यांना काय म्हणायचं ते नाही. शेवटी तोंडातून आला तो ह्यांचा शब्द.

"दादा," मी म्हटलं, "दिव्यात काई कमी नाई. कमी तुमच्या डोळ्यात हाय. नलीले मी पाठवत नाई."

इंजिन चालू होतं, तरी त्यांना ऐकू गेलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. आधी नलीला दोन्ही हातांनी उचलून खाली ठेवलं, मग इंजिन बंद केलं, मग दिवा. नली रडायला लागली आणि तिला कुणी उचललं नाही. छपरीत फक्त तिचं रडणं आणि गरम इंजिनाची टिकटिक. मी तिथंच उभी राहिले, पदर होता तसा. भासरे छपरीच्या पायरीवर बसले. बसताना त्यांनी हातानं पायरी चाचपली, आणि ते मी पाहिलं हे त्यांना समजलं.

"मले मालूम हाय, माय," ते म्हणाले. फटफटीला नाही, मला. "लय दिवसापासून मालूम हाय. जवर दिव्याले दोष देता येते तवर देऊन घेऊ म्हटलं." आणि पुढे: "तू बोलली नसती त मी नेलं असतं आज तिले."

हे शेवटचं वाक्य त्यांनी का सांगितलं असेल? सांगायची गरज नव्हती. ते न सांगता मोठेपणानं उठून आत जाता आलं असतं. पण त्यांनी सांगितलं, आणि त्या क्षणी मला त्यांच्याबद्दल जी माया वाटली ती माझ्या सख्ख्या भावाबद्दलही कधी वाटली नाही. मी नलीला उचललं आणि आत गेले. चुलीवरचं वरण करपलं होतं.

भावसून भासऱ्याशी बोलली, ही बातमी घरातल्या घरातच राहिली, तरी घर हादरलं. हे दोन दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत. सासूबाई काय म्हणतात याची मला धास्ती होती. त्या रात्री त्यांनी सगळ्यांची जेवणं होऊ दिली. मग मला जवळ बसवून म्हणाल्या, "बोलली त बोलली. आता मंधात थांबू नोको." भासरे मात्र आठवडाभर गप्प होते. माझ्याशी नाही, ह्यांच्याशी नाही, आणि फटफटीशीही नाही. घरातलं ते सकाळचं "झोप झाली का" बंद झालं, आणि ते नसल्यानं मला सकाळ झाल्यासारखं वाटेना.

अकोला माझं माहेर. तिथं डोळ्यांचे एक नावाजलेले डॉक्टर होते, त्यांच्याकडे हे दादांना घेऊन गेले. डॉक्टरांनी सांगितलं की, डोळ्यामागचा पडदा हळूहळू वाळतो आहे. आधी अंधारातलं जातं, मग बाजूचं, मग सगळं. उपाय नाही. माशाचं तेल द्या, झाला तर थोडा फायदा होईल. आमच्या माळकरी घरात माशाचं तेल म्हटल्यावर सासूबाईंनी कानांवर हात ठेवले आणि त्याऐवजी रोज शेवग्याच्या पाल्याची भाजी सुरू केली. भासऱ्यांनी ती सहा महिने निमूट खाल्ली. मग एक दिवस मला सरळ म्हणाले, "आता त पुरे कर. कानातून पाला फुटून राहिला." आम्ही दोघंही हसलो. एकमेकांसमोर हसण्याची ती पहिलीच वेळ.

त्यानंतरची दोन-तीन वर्षं मला स्वप्नासारखी वाटतात. भासऱ्यांनी फटफटी सोडली नाही, फक्त अंधार सोडला. सकाळी ऊन चांगलं वर आलं की निघायचं आणि सावल्या लांब व्हायच्या आत परत यायचं. मागे कुणाला बसवायचं नाही. जिनातलं काम त्यांनी स्वतःहून सोडलं. ते रिद्धपूरला जाऊन आले, एक पडका किल्ला बघून आले, नदीच्या काठी एका झाडाखाली नुसते बसून आले. काय बघितलं विचारलं तर सांगत, "काई नाई. पाणी होतं. एक बगळा होता." कधी कपाशीची पांढरी-पिवळी फुलं आणत, कधी मोराचं पीस, एकदा तर नुसता एक निळा दगड. एखाद्यानं लांबच्या प्रवासाला निघताना गाठोडं बांधावं तसं ते बघून ठेवत होते. परत आल्यावर फटफटी पुसत, तिचा दिवा पुसत, काजळी मागत, आता तोंडावर मागत. तो दिवा आता लावला जात नसे. मी काजळी देत राहिले.

मग ह्यांची अकोल्याला बदली झाली. सासूबाई तोवर गेल्या होत्या. मी भासऱ्यांना म्हटलं, चला आमच्याबरोबर. ते नाही म्हणाले. या घरात मला अंधारातही सगळं सापडतं, नव्या घरात मी दिवसाही हरवेन, असं म्हणाले. सामान ट्रकमध्ये चढलं तेव्हा ते छपरीच्या खांबाला धरून उभे होते आणि ट्रक वळला त्याच्या भलत्याच बाजूला बघत हात हलवत होते.

अकोल्यात आम्ही स्थिरस्थावर झालो, आणि एका हिवाळ्यातल्या दुपारी दारात ओळखीचा फटफट आवाज आला. अमरावतीहून अकोल्यापर्यंत ते एकटे आले होते. मी रागावले, ह्यांनी डोक्यावर हात मारून घेतला. भासऱ्यांनी हातपाय धुतले, पाणी प्यायले, आणि मग शांतपणे सांगितलं की, बोरगावच्या अलीकडे भर उन्हात समोरून बैलगाडी आली. "दिसली नाई. बैलाच्या घुंगरानं समजलं." काही झालं नव्हतं, गाडीवानानं वेळेवर बैल आवरले. पण मला समजलं की हे सांगायलाच ते इतक्या लांब आले होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी फटफटी आमच्या मागच्या पडवीत नेली, तिच्यावर जुनी चादर घातली आणि मला म्हणाले, "ठेवजो इथंच. मी येत जाईन पुसाले." संध्याकाळच्या गाडीनं ते परत गेले. ह्यांनी त्यांना डब्यात बसवून दिलं.

ते खरंच येत राहिले. दर महिन्या-दोन महिन्यांनी, रेल्वेनं, कुणाच्या तरी सोबतीनं. जेवण झालं की पडवीत जात आणि फटफटी उघडत. आता ते डोळ्यांनी काही करत नसत. टायर अंगठ्यानं दाबून बघत, साखळीची एकेक कडी बोटांतून जपमाळेसारखी सोडत, प्लग काढून नखानं खरवडत. गाडी चालत नव्हती, चालवणारं कुणी नव्हतं. ह्यांना तिची भीती वाटे. तरी तिच्यात कुठं कसर राहिलेली त्यांना चालत नसे. मी आत डाळ निवडत बसे. पान्याची किणकिण येई, आणि पुटपुटणं पुन्हा सुरू झालं होतं. त्या दुपारी मी मुद्दाम लवकर कामं उरकून ठेवत असे.

शेवटच्या खेपेला ते आले तेव्हा त्यांचं सगळंच गेलं होतं, ऊनसुद्धा. फक्त उन्हाची ऊब राहिली होती. हे दुकानातून बॅटरी चार्ज करून घेऊन आले. भासऱ्यांनी ती स्वतः बसवली, तोंडानं वायरीचं टोक सोललं, परात काजळीनं पुसली आणि काच लावली. मग बटण दाबलं. दुपारची वेळ, पडवीत ऊन भरलेलं. त्या उन्हात दिव्याचा उजेड कुठं पडला आहे हे मलाही नीट दिसत नव्हतं. समोरच्या भिंतीवर अगदी फिकट, पुसट असं काहीतरी. भासऱ्यांनी आपला तळहात काचेसमोर धरला. बराच वेळ धरून ठेवला. काच तापत गेली तसा त्यांचा चेहरा सैल होत गेला.

"लागला," ते म्हणाले. मग माझ्या दिशेनं तोंड वळवून विचारलं, "कसा पडते वं उजेड? कुठवर जाते?"

मी भिंतीकडे पाहिलं, भिंतीपलीकडच्या आवाराकडे, आवारापलीकडच्या रस्त्याकडे. "लांब जाते, दादा," मी म्हटलं. "पार त्या रस्त्यावरच्या चिंचेपर्यंत."

ते हसले. काचेवरचा हात त्यांनी काढला नाही.

"खोटं बोलून राहिली, माय," ते म्हणाले. "इतका त थो कदीच नव्हता."